बिननंबरची

पितळेचा गडवा बुडातून पाझरतो म्हणून तो घेऊन मी केशवरावांच्या भांड्यांच्या दुकानात बसले होते. केशवराव चष्मा कपाळावर चढवून गडव्याचं बूड उजेडात फिरवत होते, आणि तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. मी सगळे फोन उचलते, माझं कामच तसं आहे. पलीकडून एक दमलेला, सभ्य आवाज. "तृप्ती मॅडम ना? मी टिकाराम मास्तर बोलून राहिलो, लाखांदूरहून. पोरींच्या कबड्डी संघाचा प्रशिक्षक. मैदानावर भेटलो होतो आपण." मी म्हटलं, हाव सर, बोला. तर म्हणाले, "नागपूरच्या अकादमीची यादी आली. चोवीस पोरी घेतल्या त्यायनं एक साल राहून शिकायले. आमच्या मेघाचं नाव आहे त्यात." मी म्हटलं, वा, अभिनंदन! "अभिनंदन कायचं मॅडम," मास्तर म्हणाले, "मेघाचा पाय प्लास्टरमध्ये आहे. पहिल्याच सामन्यात मोडला, तुमच्या डोळ्यांसमोर." दुकानात एक बाई परातीवर बोटाने टिचक्या मारून आवाज ऐकत होती. खोटं कशाला बोलू, मला काही समजायचं बाकीच नव्हतं. कोणता दिवस, कोणती चढाई, मी कोणतं बटण दाबलं, सगळं आधीपासून माहीत होतं आणि ते मी महिनाभर नीट घडी घालून ठेवून दिलं होतं.

मला वाटलं, मास्तर आता चिडतील, आणि चिडले असते तर बरं झालं असतं. मी तापट बाई, कोणी अंगावर आलं की मला बोलता येतं. पण ते म्हणाले, "मी तक्रार करायले फोन नाही लावला मॅडम. उलट विनंती आहे. अकादमीवाले कोणी पाहायले आलेच नव्हते. तुमच्या कंपनीचे आकडे पाहूनच त्यायनं यादी केली. ते आकडे मेघाचे नाहीत, रुचिकाचे आहेत, हे तुम्हाले माहीत अन् मले माहीत. आता खोदू नका ते. बिननंबरची पोट्टी दुसरीच्या जर्सीत खेळली असं निघालं, तं संघावर बंदी येईन. अकरा पोरींचं साल जाईन. मेघाचा पाय तोवर बरा होऊन जाते. एक तरी पोट्टी आपल्या इकडून जाऊन राहिली ना बापा." मी विचारलं, आणि रुचिका? "ते काही बोलत नाही," मास्तर म्हणाले, "गरीब आहे बिचारी स्वभावानं." फोन ठेवला तेव्हा केशवराव माझ्याकडेच पाहत होते. म्हणाले, "बाई, चीर नेमकी नावाखालून गेली आहे. कथलाचा डाख लावला की नाव बुजते. चालते का? नाही तं गळू द्या." गडव्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं माझं नाव होतं, 'तृप्ती', खाली 'उत्कृष्ट खेळाडू' आणि साल. मी म्हटलं, उद्या सांगते, आणि गडवा तिथेच ठेवून निघाले.

माझं काम काय, हे आमच्या कॉलनीत कोणालाच धड कळलेलं नाही. शेजारच्या उषाबाईंना वाटतं मी घरात बसून सट्ट्याचा आकडा घेते. मी एकदा त्यांना बसवून सांगितलं होतं. म्हटलं, अवो काकू, मैदानावर पोरी खेळतात, त्यात कोणी किती चढाया केल्या, कोणी किती पकडी केल्या, ते मी लॅपटॉपवर टिपते. नागपूरला कंपनी आहे, ती ते आकडे गोळा करून पुढे देते. कोणाला? ज्याला पाहिजे त्याला. अ‍ॅपवाल्यांना, अकादम्यांना, क्लबांना. उषाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे खेळते दुसरंच, अन् मोजते तू. अन् मोजायचे पैसे भेटतात?" पण मला हे काम आवडतं. मनापासून आवडतं. चढाई तीस सेकंदांची असते. त्या तीस सेकंदांत पोरगी मध्यरेषा ओलांडते, बोनस रेषेवर पाय टाकते, कोपऱ्यातलीला हात लावते, परत येते, आणि ती परत येईपर्यंत माझी चार बटणं दाबून झालेली असली पाहिजेत, कारण लगेच दुसरी चढाई सुरू होते. नंबर, प्रकार, गुण, कोणाकडून. विचार करायला वेळ नसतो. बोटं आपोआप चालतात. मनिष सर, आमचे नागपूरचे साहेब, प्रशिक्षणात म्हणाले होते, "तुम्ही तिथं प्रेक्षक नाही. जे दिसलं ते दाबा. जे वाटलं ते दाबू नका." मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. आणि बघा, लाखांदूरला मी जे दिसलं ते दाबलं नाही.

ऑटोत बसले तरी डोळ्यांसमोर तेच मैदान. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव मंडप पडतात, तसाच तो मंडप, माइकवर एक हौशी निवेदक आणि चुन्याने आखलेलं मैदान. तिथे नेट चालत नाही म्हणून कंपनीने मला जागेवरच पाठवलं होतं. पंचांच्या टेबलाशेजारी माझं टेबल. तीन दिवस, चार सामने. पहिल्या सामन्यात बाराव्या मिनिटाला सात नंबरची मेघा पकडीत सापडली, दोघी तिच्या अंगावर पडल्या आणि तिचा घोटा वळला. ती ओरडलीही नाही, नुसती तोंड वासून बसली. तिला उचलून बाहेर आणलं. मग जे झालं ते मैदानावरच्या कोणाला नवीन नव्हतं. संघात पोरी अकरा आणि जर्स्या दहा, त्या कोणा दुकानदाराने दिलेल्या. अकरावी पोरगी घरच्या कुडत्यावर बसलेली. दोघी पोरींनी ओढणी आडवी धरली, ओढणीमागे मेघाने जर्सी काढली, घामाने ओलीचिंब, आणि त्या अकरावीने ती तशीच अंगात घातली. बारीक, काळीसावळी, केसांना तेल चोपडलेलं. जर्सी तिला ढगळ होत होती, तिने ती खालून गाठ मारून कमरेला आवळली. पंचांनी पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. निवेदक ओरडला, सात नंबर मैदानात! मी अ‍ॅपमध्ये बदली नोंदवायला गेले. यादीत नाव होतं, रुचिका, पण नावापुढे नंबर नव्हता, आणि नंबर नसलेल्या खेळाडूला अ‍ॅप मैदानात घेत नाही. लाल चौकट आली. पुन्हा केलं. पुन्हा लाल चौकट. तोवर ती पोरगी चढाईला निघालीसुद्धा होती. जाण्याआधी तिने खाली वाकून तळहात मातीत पुसले. मी सात दाबला.

मी स्वतःशी म्हटलं, संध्याकाळी दुरुस्त करीन. अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्ती करता येते, ती साधी असते, कोणी विचारत नाही. पण संध्याकाळी शेवटची एसटी पकडायची होती. अनुप, माझा नवरा, एसटीत कंडक्टर आहे, त्याने सकाळीच बजावलं होतं की साडेसहाची गाडी चुकली तर मग देवाचं नाव घे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि एव्हाना मला त्या पोरीचा खेळ पाहायची इतकी चटक लागली होती की ती कोणत्या नावाने खेळते याचं मला भानच राहिलं नाही. खरंच सांगते. डाव्या अंगाने निघायची, अर्ध्यात थांबायची, जणू काही विसरलं म्हणून परत चालली आहे असं दाखवायची आणि उलट्या पायाने बोनस घ्यायची. माझी बोटं कीबोर्डवर नाचत होती. सात, सात, सात. घरी आले, दोन दिवस तापाने पडले, आणि नोंद बंद झाली. तापाने पडले हे खरं आहे. पण त्या दोन दिवसांत लॅपटॉप उशाशीच होता, हेही खरं आहे. मी तो उघडला नाही. काहून उघडला नाही, हे मला तेव्हा विचारलं असतं तर मी सांगू शकले नसते. आज केशवरावांच्या दुकानातून निघाल्यावर ऑटो चौकात अडकला, आणि मला उत्तर मिळालं, आणि ते मुळीच आवडलं नाही. असं झालं तरी चालतं, काही बिघडत नाही, कोणी काही म्हणत नाही, हे मला फार जुन्या अनुभवाने माहीत होतं.

मी सोळा वर्षांची होते. लाखनीला शाळेच्या मैदानावर अंतिम सामना, पलीकडे हायवे, ट्रकांचे हॉर्न इतके की पंचाची शिटी ऐकू यायची नाही. माझा नंबर चार. त्या दिवशी सकाळपासून माझी पाळी आलेली, पोटात मुरडा पडत होता आणि मध्यंतरानंतर मला उभंच राहवेना. आमच्या संघात जर्स्या सातच. भावना बाहेर बसली होती. भावना म्हणजे आमच्या टोलीतली, आमच्या घरापासून तिसरं घर. दोघी एकाच बाकावर बसायचो, विहारातही शेजारी बसायचो. मी माझी जर्सी काढून तिला दिली, आणि तिचा कुडता घालून चिंचेखाली पोट धरून बसले. दुसऱ्या डावात भावना जी सुटली! निवेदकाचा घसा बसला. "चार नंबर, तृप्ती! वा गं वाघीण! तृप्ती, आणखी एक!" मी चिंचेखाली बसून माझं नाव ऐकत होते. पहिल्यांदा हसू आलं. मग आवडायला लागलं. हे सांगायची लाज वाटते, पण आवडायला लागलं. सामना जिंकलो. भंडाऱ्याच्या एका भांडीवाल्याने बक्षिसाचा गडवा ठेवला होता, आणि त्याचा माणूस मंडपातच छिन्नी-हातोडी घेऊन बसला होता, बक्षीस मिळालेल्याचं नाव तिथल्या तिथे कोरून द्यायला. माझ्या नावाचा पुकारा झाला. मी भावनाकडे पाहिलं. ती घामाने निथळत होती, माझ्या चपला हातात धरून उभी होती. म्हणाली, "जा ना वो. जर्सी तं तुहीच होती." मी गेले. त्या माणसाने नाव विचारलं. मी सांगितलं. मग टुक, टुक, टुक. एकेक ठिपका. अक्षरं फार नव्हती, पण निदान पाच मिनिटं लागली असतील, आणि त्या पाच मिनिटांत मी कधीही थांब म्हणू शकले असते. त्याच्या हातोडीकडे पाहत मी उभी राहिले.

त्या बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर मला भंडाऱ्याला कॉलेजात खेळाडूच्या जागेवर प्रवेश मिळाला. कॉलेजात मी दोन वर्षं खेळले, बरी खेळले, वाघीण नव्हते. भावनाचं पुढच्याच साली लग्न झालं. आता लाखनीला हायवेवर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं चहा-नाश्त्याचं दुकान आहे. दर चौदा एप्रिलला मी तिला जयभीमचा मेसेज करते, ती मला करते, बस्स तेवढंच. आम्ही त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. तिला काही वाटतही नसेल, असं मी सोळा वर्षं म्हणत आले आहे. सोयीचं म्हणणं आहे ते. आईने, माझ्या पार्वताबाईने, तो गडवा इतकी वर्षं चिंचेने घासून लखलखीत ठेवला. पाहुणा आला की त्यातच पाणी. पाहुणा नाव वाचायचा, आई सांगायची, पोरीनं एकटीनं सामना जिंकला होता म्हणते लाखनीले. मी आत जायचे. गेल्या महिन्यापासून गडवा पाझरायला लागला, तर आई रोज खाली ताटली ठेवते. माणसाने किती जपावं एखाद्या वस्तूला!

घरी पोहोचले. आई बाहेर उन्हात तांदूळ निवडत होती. तिने गडव्याचं विचारलं, मी म्हटलं उद्या, आणि दार लोटून लॅपटॉप उघडला. चित्रण कंपनीकडे असतं, आम्हाला तीन महिने पाहता येतं. मी चारही सामने लावले आणि सात नंबर मोजला. एकूण एकतीस गुण. बारा मिनिटांपर्यंतचे चार मेघाचे. उरलेले सत्तावीस रुचिकाचे. चित्रण स्वच्छ होतं. ओढणी दिसत होती, ओढणीमागचा गोंधळ दिसत होता, गाठ मारलेली जर्सी दिसत होती. आणि कोपऱ्यात, पंचांच्या टेबलाशेजारी, मान वर करून सरळ त्या ओढणीकडे पाहणारी मी दिसत होते. तोंडात पेन धरलेलं. मी ते चित्र थांबवलं आणि बराच वेळ त्या बाईकडे पाहिलं. निवांत दिसत होती.

मग उशिराच्या दुरुस्तीचा अर्ज काढला. तो मला पाठ आहे, या हंगामात दोनदा भरला आहे. उशिराच्या तीन दुरुस्त्या झाल्या की माणूस कामावरून कमी, हा नियम. एक पळवाट आहे, आम्हा सगळ्यांना माहीत असलेली. कारणांच्या रकान्यात पहिलंच कारण आहे, 'दृश्य अस्पष्ट होते'. ते निवडलं तर दुरुस्ती आपल्या नावावर मोजत नाहीत. धूळ होती, गर्दी होती, कॅमेरा हलला. कोणी उलटून तपासत नाही. पण त्यात एक मेख आहे. दृश्य अस्पष्ट असेल तर ते गुण एकाचे काढून दुसऱ्याला देता येत नाहीत. ते 'अनोळखी खेळाडू' या नावाखाली जातात आणि तिथेच पडून राहतात. कंपनीच्या आकड्यांत अशा अनोळखी खेळाडूच्या नावावर हजारो गुण आहेत, राज्यातली सगळ्यात मोठी खेळाडू तीच. रुचिकाला रुचिकाचे गुण द्यायचे तर दुसरंच कारण निवडावं लागतं, 'इतर', आणि तिथे नोंद करणाऱ्याने स्वतःच्या नावाने लिहून द्यावं लागतं की मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. आणि पाहिलं होतं, तर मग चुकीचं का दाबलं, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येणारच. मी बोट 'दृश्य अस्पष्ट'वर नेलं. निदान मेघाच्या नावावरून खोटं तर निघेल, असं स्वतःला समजावलं. नोकरी राहील. संघावर बंदीचा प्रश्न नाही, अनोळखीला कोण विचारतं? सगळ्यांची सोय. बोट तिथेच होतं तेव्हा फोन वाजला.

"ताई, मी मेघा. मास्तरांकडून नंबर घेतला," एक खणखणीत आवाज, जराही न लाजणारा. मागे कोंबड्या, कोणीतरी भांडी घासत होतं. "ताई, ते नाव माहं कापून टाका ना. ते माहे गुण नाहीत. मले तं डाव्या अंगानं चढाईच जमत नाही. उद्या तिथं गेली अन् त्यायनं म्हणलं, चल बाई दाखव, तं काय दाखवू, प्लास्टर?" मागून दुसरा आवाज आला, बारीक, "जाऊ दे ना वो मेघा, पाय होते बरा." "तू गप बस!" मेघा तिच्यावर खेकसली, "ताई, हे पाहा, हेच ते रुचिका. तीन दिवसांपासून म्हणून राहिली जाऊ दे, जाऊ दे. अन् काल धान भरडायले गेलती तं तिथं पोत्यावर बसून रडत होती, माह्या आईनं पाहिलं. कोणाले सांगतही नाही." मागून, "रडत नव्हती, कोंडा गेलता डोळ्यात." "हो, दोन्ही डोळ्यात गेलता!" मला हसू आलं आणि त्याच्याबरोबरच डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, मास्तर बंदीचं म्हणतात, ते? मेघा म्हणाली, "ते मी बोलली त्यायच्याशी. म्हणलं, सर, बंदी आली तं दहाच जर्स्या काहून दिल्या, हेही विचारतीन ना ते लोक. मंग नंबर देऊन देल्ला तुमचा." मग तिचा आवाज जरा नरम झाला. मला धीर द्यावा तशी म्हणाली, "तुमची काही चूक नाही ताई. तुम्हाले कसं समजंन? जर्सी तं माहीच होती."

जर्सी तं माहीच होती. बाहेर आईच्या सुपातल्या तांदळाचा आवाज थांबला होता की मला ऐकू येणं थांबलं होतं, कोण जाणे. सतरा-अठरा वर्षांची पोरगी, पाय मोडून बसलेली, आणि आयतं ताटात आलेलं उचलून मैत्रिणीच्या ताटात घालायला धडपडते आहे. वर मलाच पळवाटही काढून देते आहे. चिडावं असं समोर कोणी नव्हतं. मला स्वतःचाच राग आला. मी म्हटलं, रुचिकाला दे. बराच वेळ ओढाताण ऐकू आली. मग तो बारीक आवाज, "हं ताई." मी विचारलं, तुझे किती झाले, तुला माहीत आहे? ती पटकन म्हणाली, "सत्तावीस." आणि लगेच घाबरून, "म्हणजे मी अशीच मोजले. तुमच्यात किती आहेत, तेच खरे." मी म्हटलं, "माझ्यातही सत्तावीसच आहेत. अन् ऐक, मले दिसत होतं. तूच होती हे मले माहीत होतं. मी पहिल्या चढाईपासून पाहून राहिली होती." नुसता श्वास ऐकू येत होता, लांब चढाईवरून परत आल्यासारखा. मग म्हणाली, "मंग ते उलट्या पायाचं बोनसही पाहिलं का तुम्ही?" मी म्हटलं, तीनदा पाहिलं. "चारदा होतं," ती म्हणाली.

मी 'इतर' निवडलं. रकाना उघडला. पहिल्यांदा मी बरंच लिहिलं. यादीत नंबर नव्हता, अ‍ॅप नाव घेत नव्हतं, जर्स्या दहाच होत्या, शेवटची एसटी, ताप. सगळं खरं होतं आणि वाचताना सगळं रडगाणं वाटत होतं. पुसून टाकलं. मग लिहिलं, "बाराव्या मिनिटानंतर सात नंबरची जर्सी घालून रुचिका खेळली. सत्तावीस गुण तिचे आहेत. मी हे त्याच वेळी पाहिलं होतं आणि तरी मेघाचं नाव दाबलं. यात संघाचा दोष नाही, त्यांच्याकडे जर्सी नव्हती. तृप्ती." दोनदा वाचलं. यंत्राने विचारलं, पाठवायचं का, ही तुमची तिसरी दुरुस्ती आहे. पाठवलं. पाच मिनिटांनी मनिष सरांचा मेसेज, "हे काय लिहिलंत? अस्पष्ट टाकता येत नव्हतं का?" माणूस वाईट नाही, माझ्या भल्याचंच म्हणत होता. मी उत्तर दिलं, "नाही सर. स्वच्छ दिसत होतं." पुढे त्यांचं काही आलं नाही. अकादमी आता रुचिकाला बोलावेल की नाही, माझ्या हातात नाही. आकडे तरी तिच्या नावावर गेले. संध्याकाळी लॅपटॉपवर पाहिलं, रुचिका, नंबर नाही, सत्तावीस. लाल चौकट होती, पण नाव होतं.

आईने चहा आणून ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहून परत गेली. मी फोन घेतला. भावनाचं नाव काढलं. इतक्या वर्षांत फक्त मेसेज. कोणतं वाक्य आधी बोलायचं, याची मी तीन वेळा तयारी केली, आणि तिने "हॅलो, बोल ना वो तृप्ते" म्हटल्याबरोबर तयारी गेली. मागे हायवे, ट्रकांचे हॉर्न, कोणीतरी दोन कट मागत होतं. मी एकदम म्हणाले, "भावना, लाखनीच्या फायनलले तुहे चौदा झाले होते. मी मोजले होते चिंचेखाली बसून. चौदा. तो गडवा तुहा आहे. मी तेव्हाच सांगायले पाहिजे होतं, अन् मी नाही सांगितलं. मले सांगता येत होतं, तरी नाही सांगितलं." एक ट्रक गेला. दुसरा गेला. मला वाटलं, फोन कटला. मग ती म्हणाली, "आहे का अजून तो गडवा?" मी म्हटलं, आहे, पण गळते. "मंग डाख लाव ना बाई," ती हसली. मग हसणं थांबलं, आणि तिच्या आवाजात असं काही आलं जे मी सोळा वर्षं ऐकायचं टाळत होते. "अन् चौदा नव्हते ते. पंधरा होते. शेवटच्या चढाईत समोर सहाजणी उभ्या होत्या, मी बोनस घेतला. निवेदकानं नाही सांगितला, पण पंचानं बोट वर केलतं. मी पाहिलं ना. तू तेव्हा पाणी प्यायले गेलती." म्हणजे तीही मोजत होती. सगळी वर्षं तिच्याजवळ बरोबर आकडा होता, आणि माझ्याजवळ चुकीचा. मी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला. वर चार नंबर लिहिलं, त्याच्यापुढे भावना लिहिलं.

"थांब," मी म्हटलं, "गिऱ्हाईक जाऊ दे. मंग मले पहिल्या चढाईपासून सांग."